‘श्यामची आई’वरचा वीस मिनिटांचा खेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तल्या पाच रात्री घेऊन मी आणि माझ्या मावसबहिणीनं एक छोटा व्हिडिओ गेम केला. चित्रं तिची, कोड आणि मजकूर माझा. खेळ ब्राउझरमध्ये चालतो, फोनवरही चालतो, आणि साधारण वीस मिनिटांत संपतो. तो खेळून झाल्यावर लोक जे विचारतात, आणि असाच एखादा खेळ करू पाहणारे जे विचारतात, ते सगळं इथं एकत्र आहे.

हेच पुस्तक का? हे तर रडायचं पुस्तक.

रडणं आहेच, पानोपानी आहे. पण आपल्या डोक्यात जी ‘श्यामची आई’ बसली आहे ती बरीचशी वक्तृत्व स्पर्धांतली आणि सिनेमातली. पुस्तक पुन्हा हातात घेतलं तेव्हा आम्हाला दिसलं की त्यातला मुलगा सतत काहीतरी करत असतो. पत्रावळ लावायला शिकतो, पोहायचं टाळून माळ्यावर लपतो, कळ्या तोडतो, वडाभोवती फिरतो. गोष्टीतल्या मुलाचे हात कामात असले की तिचा खेळ होऊ शकतो.

दुसरं कारण रचनेचं. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. प्रत्येक रात्र आपल्यापुरती पूर्ण. गेमवाले ज्याला ‘लेव्हल’ म्हणतात ती इथं १९३३ सालीच तयार होती.

आणि तिसरं, जरा गमतीचं. गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या सोमवारी संपवलं. पाच दिवस! छोटे खेळ बनवणारे लोक अठ्ठेचाळीस तासांच्या ‘गेम जॅम’मध्ये (ठरलेल्या वेळात अख्खा खेळ बनवायचा उपक्रम) बसतात तेव्हा मला हे नेहमी आठवतं. आम्हाला मात्र पाच रात्रींसाठी सात महिने लागले.

पाचच रात्री का? आमची आवडती रात्र नाही!

पहिली (सावित्री-व्रत), तिसरी (मुकी फुले), सातवी (पत्रावळ), बारावी (श्यामचे पोहणे) आणि अठरावी (अळणी भाजी) एवढ्याच घेतल्या. मोरी गाय हवी होती असं म्हणणारे सर्वांत जास्त भेटतात. गाय हलवणं अवघड असतं हो. चार पायांचं चालणं कागदावर काढायचं आणि ते खोटं दिसू द्यायचं नाही, यात बहिणीचे तीन आठवडे गेले आणि शेवटी गाय गेली.

कोणत्याही पुस्तकाचा खेळ करायचा तर सुरुवात कुठून करायची?

क्रियापदापासून.

हे आम्ही चुकून शिकलो. आमचा पहिला मसुदा म्हणजे सुंदर चित्रांचं पुस्तक होतं. पालगडचं घर, ओटी, माजघर, खाली दोन ओळी मजकूर आणि ‘पुढे’ असं बटण. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यानं चार वेळा ‘पुढे’ दाबलं आणि विचारलं, “मामा, पण मी काय करू?” मी म्हटलं, वाच. तो म्हणाला, “मग पुस्तकच दे ना.” त्याचं बरोबर होतं.

मग पेन्सिल घेऊन पुस्तक पुन्हा वाचलं आणि फक्त श्यामच्या क्रियापदांखाली रेघा मारल्या. ‘वाटले’, ‘आठवले’, ‘भरून आले’ ही हाताची क्रियापदं नव्हेत, ती सोडली. ‘फिरला’, ‘तोडल्या’, ‘टोचली’, ‘लपला’, ‘गप्प राहिला’ ही ठेवली. प्रत्येक रात्रीला एक क्रियापद आणि प्रत्येक क्रियापदाला एकच कळ. खेळाचा सगळा सांगाडा एवढाच. मजकूर, चित्रं, संगीत हे त्यावर नंतर चढलं.

हे आमचंच डोकं आहे असं नाही. इंकल या ब्रिटिश कंपनीनं ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासाच्या कादंबरीचा (मूळ पुस्तक १८७३ चं) २०१४ मध्ये ‘एटी डेज’ नावाचा खेळ केला. त्यात तुम्ही फिलिअस फॉग नसता, त्याचा नोकर पासपार्तू असता. मालक शांतपणे बसलेला असतो. सामान बांधणं, पैसे सांभाळणं, पुढची बोट किंवा गाडी शोधणं हे सगळं तुमच्या गळ्यात. पुस्तकात हात कोणाचे चालतात हे त्यांनी नेमकं ओळखलं आणि खेळाडूला तिथं उभं केलं. रूपांतर म्हणजे काय हे शिकायचं तर तो खेळ एकदा तरी खेळा.

मग खेळाडू आई का नाही? खरी कामं तर तीच करते.

हा आम्हाला विचारलेला सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि तो एका शिक्षिकेनं विचारला. वरच्या न्यायानं पाहिलं तर पासपार्तू आईच आहे. आम्ही तसा एक प्रयत्न केलाही: पहाटेपासून रात्रीपर्यंत आईच्या हातानं घर चालवायचं. खेळ म्हणून तो चांगला होता, कदाचित आत्तापेक्षा चांगला. पण पुस्तकात आई दिसते ती मुलाच्या आठवणीतून. तिच्या आत गेलो की आम्हाला तिचे विचार लिहावे लागले असते आणि ते गुरुजींचे नसते, माझे झाले असते. तेवढी छाती नव्हती. कोणी करत असेल तर जरूर करा, मी पहिला खेळेन.

वडाच्या प्रदक्षिणा खरंच १०८ आहेत का?

होत्या. पहिल्या रात्रीत आई आजारी असते, तिला फिरवत नाही, म्हणून ती श्यामला आपल्या वतीनं वडाला प्रदक्षिणा घालायला सांगते. त्याला लाज वाटते: बायकांचं व्रत, मुलं हसतील. देवाच्या कामाची लाज कसली, असं आई म्हणते आणि तो जातो.

आम्ही १०८ ठेवल्या. एका फेरीला पाच सेकंद धरले तर नऊ मिनिटं नुसती गोल चक्कर. मला ते फार ‘प्रामाणिक’ वाटत होतं. ज्यांना ज्यांना खेळायला दिलं ते सगळे तिसाव्या फेरीच्या आसपास फोन खाली ठेवत होते. एकानं तर कळीवर रबरबँड लावून चहा करून घेतला.

आता अकरा फेऱ्या तुम्ही स्वतः घालता. वडाच्या पलीकडे मुलं उभी असतात. पहिल्या फेरीत ती हसतात आणि श्यामची चाल आपोआप मंदावते. कळ दाबून धरली तरी तो रेंगाळतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून हसणं थोडं थोडं विरतं, चाल मोकळी होते. अकरावीनंतर कळ सोडली तरी श्याम फिरत राहतो आणि आकडा १०८ पर्यंत जातो. लाज कुठं संपली ते कुठल्याही वाक्यात लिहिलेलं नाही, बोटाला कळतं. अख्ख्या खेळात मला स्वतःला पसंत पडलेली जागा ही एवढीच.

‘पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस…’ हे वाक्य का गाळलं?

गाळलेलं नाही, ऐकू येत नाही एवढंच. पुस्तकात हा प्रसंग सहाव्या रात्रीचा (‘थोर अश्रू’), खेळात तो पहिल्या रात्रीत येतो: आंघोळ झालेला श्याम दगडावर उभा असतो, पाय मळू नयेत म्हणून हटून बसतो आणि आई ओल्या दगडावर आपला ओचा पसरते. खेळात ती पसरते आणि तुम्ही त्यावर पाय ठेवता. त्या क्षणी पडद्यावर वाक्य झळकलं की ते शाळेच्या भिंतीवरचा सुविचार होतं, हे आम्ही करून पाहिलं. मराठी माणसाला ते वाक्य मनात ऐकू येतंच. ज्यांना पाठ नाही त्यांच्यासाठी दृश्य संपल्यावर कोपऱ्यात ‘मूळ उतारा’ नावाचं बटण येतं, ते दाबा.

गुण का मिळत नाहीत? माझ्या मुलीला स्कोअर हवा आहे.

आमच्याकडे एक ‘संस्कार-पट्टी’ होती. हसू नका. चांगलं वागलं की हिरवी, वाईट वागलं की लाल. शेजारची मुलं खेळली आणि अर्ध्या तासात पट्टी भरण्याची स्पर्धा लागली. आईला नमस्कार केला की दोन गुण मिळत, म्हणून एक जण तिच्यासमोर उभा राहून चाळीस वेळा वाकला. आई बिचारी दर वेळी ‘शहाणा रे माझा श्याम’ म्हणत होती. ती फाईल मी त्याच रात्री पुसली.

गुणांचा प्रश्न तिसऱ्या रात्रीत जास्त टोकदार झाला. ‘मुकी फुले’मध्ये इतर मुलांच्या आधी आपल्याला फुलं मिळावीत म्हणून श्याम झाडावरच्या कळ्याच तोडून आणतो आणि आई त्याला समजावते. आता व्हिडिओ गेमचा चाळीस-पन्नास वर्षांचा स्वभाव काय? दिसेल ते गोळा कर. नाणी, फळं, तारे. खेळाडूची बोटं त्याच सवयीनं येतात. आम्ही ती सवय तशीच येऊ दिली. कळ्या चमकतात, तोडल्या की छान आवाज होतो, परडी भरते. मग सकाळ होते आणि झाडं दिसतात. आकडा नाही, शिक्षा नाही, नुसती मोकळी झाडं आणि परडीतल्या न उमललेल्या कळ्या. पुस्तकाशी इतकं जवळचं नातं असलेली दुसरी कुठली जागा खेळात नाही. हा प्रसंग व्हिडिओ गेमवर टीका करायलाच लिहिला असावा असं वाटतं!

श्यामला वाईट वागता येतं का? गोष्ट बदलते का?

वागता येतं, पण गोष्ट फार वळत नाही. त्यातली ‘अळणी भाजी’ थोडी समजावून सांगतो, कारण तिथं बरेच जण विचारतात की पर्याय दिसतात पण निवडले की काहीच का होत नाही.

आई भाजीत मीठ घालायला विसरली आहे. वडील जेवताना भाजीची तारीफ करतात, मिठाबद्दल एक शब्द बोलत नाहीत. श्यामलाही कळलंय की भाजी अळणी आहे. पडद्यावर तीन पर्याय येतात, तिन्ही बोलण्याचे. चौथा पर्याय लिहिलेला नाही: काहीही न दाबणं. नऊ सेकंद हात आवरला तर पंगत पुढे जाते. नंतर आई स्वतः जेवायला बसते, तिला कळतं, आणि मग तिला वाईट वाटतं की आपण माणसांना अळणी वाढलं आणि कोणी सांगितलंसुद्धा नाही. म्हणजे गप्प राहणंही निखळ बरोबर ठरत नाही. मूळ गोष्टीचा कस तिथं आहे. कष्ट करणाऱ्या माणसाला दुखवू नये म्हणून एकजण अळणी खातो, आणि दुसरीला चांगलं वाढता आलं नाही म्हणून चुटपुट लागते. बरोबर-चूक असे दोन फाटे पाडले असते तर ती गोष्ट मेलीच असती.

तुम्ही बोललात, तर श्याम तोंड उघडतो आणि वडिलांची नजर त्याच्याकडे वळते. एवढंच होतं. तेवढं पुरतं, असा आमचा अनुभव आहे.

शेवटी आईला वाचवता येतं का?

नाही. कोणता गुप्त मार्गही नाही. कृपया कोडमध्ये शोधू नका, दोघांनी शोधून झालंय.

पुस्तकात श्याम शिकायला दूर असतो आणि घरी पोहोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. पाच रात्रींनंतर आम्ही एक मिनिटाचं दृश्य ठेवलं आहे: घराकडची वाट, जांभ्या दगडाचा गडगा, आणि तुम्ही चालता. कळ कितीही जोरात दाबली तरी वेग वाढत नाही. व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला वाटतं की आपण पुरेसं चांगलं खेळलो तर वेळेत पोहोचू. इथं ते खोटं ठरतं. एका बाईंनी आम्हाला लिहिलं की तुम्ही लहान मुलांना हे दाखवायला नको होतं. मुलांनी पुस्तक वाचलं तर तिथंही हेच आहे, एवढंच मी उत्तर दिलं. त्यापुढे मला उत्तर सुचलं नाही.

पुस्तकातल्या जातिभेदाच्या उल्लेखांचं काय केलं?

पंचविसावी रात्र, ‘देवाला सारी प्रिय’. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडली आहे, कोणी हात लावत नाही. आई श्यामला म्हणते, जा, मोळी उचलून दे. आणि घरी येऊन आंघोळ कर, असंही म्हणते.

आम्ही ही रात्र बनवली होती. पहिल्या आवृत्तीत मी आंघोळ काढून टाकली, आणि आई एकदम आजच्या काळातली पुरोगामी बाई झाली. गोड आणि खोटी. दुसऱ्या आवृत्तीत आंघोळ ठेवली, तर तीन मिनिटांच्या दृश्यात मुलांना त्याचा अर्थ लागेना, एकानं विचारलं, “मोळीला चिखल होता का?” त्या बाईची बाजू, तिचं घर, तिला काय वाटलं असेल, हे काहीच आमच्याकडे नव्हतं. पुस्तकातही ते फारसं नाही. शेवटी रात्र बाहेर ठेवली. हे धैर्याचं काम नव्हतं हे मला मान्य आहे. ज्या लेखकानं पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं, त्याची ही गोष्ट तीन मिनिटांत उरकण्यापेक्षा न करणं बरं वाटलं. तिच्यावर वेगळा, मोठा खेळ व्हायला हवा आणि तो आमच्यासारख्या घरातून आलेल्या माणसांनीच करावा असंही नाही.

पुस्तकाचा हक्क कोणाकडून घेतला?

घ्यावा लागला नाही, पण हा प्रश्न टाळू नका. मी ओळखतो अशा तीन जणांचे खेळ इथंच अडकले.

भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. (१९९२ पर्यंत हे पन्नास होतं.) साने गुरुजींचं निधन ११ जून १९५० चं. म्हणजे २०१० च्या अखेरीस मुदत संपली आणि १ जानेवारी २०११ पासून मूळ मजकूर सर्वांचा झाला. युरोपातल्या बहुतेक देशांत हिशेब सत्तर वर्षांचा आहे, तोही संपला.

अमेरिकेत मात्र घोळ आहे. तिथं जुन्या पुस्तकांची मुदत प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात, पंच्याण्णव वर्षं. ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये छापलं गेलं, आणि १९९६ साली मूळ देशात हक्क जिवंत असलेल्या परदेशी पुस्तकांना अमेरिकेनं संरक्षण परत दिलं. त्या हिशेबानं तिथं हे पुस्तक २०३० संपेपर्यंत खुलं होत नाही. गेम विकणारी बहुतेक मोठी संकेतस्थळं अमेरिकन आहेत, आणि परदेशातली मराठी मंडळी हा तुमचा हक्काचा खेळाडूवर्ग आहे. तेव्हा पैसे घेऊन विकायचा विचार असेल तर वकिलाची एक बैठक करा. सल्ल्याचे पैसे वसूल होतात.

आणखी एक. मजकूर खुला झाला म्हणजे आवृत्ती खुली झाली असं नाही. तुमच्या हातातल्या प्रतीचं मुखपृष्ठ, आतली चित्रं, नवी प्रस्तावना, इंग्रजी अनुवाद या सगळ्यांचे हक्क वेगवेगळ्या माणसांचे आहेत. कायद्यातलं ५७ वं कलमही वाचून ठेवा. लेखकाचं नाव त्याच्या कृतीला लागलं पाहिजे आणि ती विकृत करून त्याची प्रतिष्ठा घालवू नये, असा लेखकाचा वेगळा हक्क त्यात आहे. आमच्या पहिल्याच पडद्यावर ‘साने गुरुजी यांच्या पुस्तकावरून’ असं मोठ्या अक्षरात आहे ते नुसतं कायद्यासाठी नाही, पण कायद्यासाठीही आहे.

सिनेमातलं ‘भरजरी गं पितांबर’ का घेतलं नाही? किती छान बसलं असतं.

बसलं असतं. १९५३ चा अत्र्यांचा चित्रपट, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. पण गाण्याचा हिशेब चित्रपटापासून वेगळा होतो. संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले. त्यांच्या चालीला साठ वर्षं मोजा. आम्ही गाणं नको म्हटलं. खेळात रहाटाचा आवाज, पाऊस आणि जात्याची घरघर आहे. २०२३ मध्ये याच पुस्तकावर नवा चित्रपट आला, कृष्णधवल. त्यातलं घर, कपडे, चेहरे पाहून चित्रं काढायची नाहीत हा नियम बहिणीनं स्वतःला घालून घेतला होता, आणि चित्रं संपेपर्यंत तिनं तो पाहिलाच नाही.

कोणतं सॉफ्टवेअर वापरलं? देवनागरी नीट कशी दिसते?

आधी देवनागरीचं सांगतो, कारण सॉफ्टवेअरची निवड तीच करते.

खेळांची बरीच साधनं अशा लोकांनी बनवली आहेत ज्यांच्या लिपीत अक्षरं एकामागे एक शिस्तीत उभी राहतात. आपल्याकडे ‘कि’ लिहिताना संगणक आधी क साठवतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. हे उलटापालट करण्याची यंत्रणा ज्या साधनात नाही तिथं तुमचा ‘किती’ तोतरा दिसतो आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. गोडो नावाच्या मोफत, मुक्त इंजिनच्या (म्हणजे खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या तिसऱ्या आवृत्तीत आमचं हेच झालं. २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत ही यंत्रणा आहे. तीच आम्ही वापरली.

तुम्हाला फक्त मजकूर आणि पर्याय असलेला खेळ करायचा असेल तर ट्वाइन घ्या. तो शेवटी साधं वेबपान तयार करतो, आणि ब्राउझरला देवनागरी उत्तम येते. कोडिंग जवळपास शून्य. बिट्सी हे चिमुकलं साधनही मला फार आवडतं, पण त्याचं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांचं. त्या मापाच्या जगात ‘र्की’ला वर रफार, वर वेलांटी असं घर मिळत नाही.

त्यानंतरचा त्रास टंकलेखनाच्या परिणामाचा. संवाद एकेक अक्षरानं उमटतो ना, तो. संगणकाच्या लेखी ‘श्याम’मध्ये पाच खुणा आहेत: श, हलन्त, य, काना, म. एकेक खूण दाखवली की पडद्यावर आधी ‘श’, मग लंगडा ‘श्’, मग ‘श्य’ असं अक्षर प्रत्येक पावलावर रूप बदलतं. वाचणाऱ्याला मळमळतं. खुणा न मोजता अक्षरं मोजायची: ‘श्या’, ‘म’. गोडोत त्यासाठी सोय आहे, ती शोधायला मला एक रविवार लागला.

फॉन्ट निवडताना ‘पायऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोपऱ्यात’ हे शब्द टाईप करून पाहा. तो चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट आला तर फॉन्टवाल्यानं मराठीचा विचार केलाय. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर काही फॉन्टांत भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्यावर ते बदलतात. आम्ही मुंबईच्या एक टाइप यांचा ‘मुक्त’ वापरला. नावाप्रमाणे मोफत आहे आणि खेळात घालायला परवाना आड येत नाही.

मजकूर पुस्तकातलाच आहे का?

फार थोडा. पुस्तकातला श्याम सांगतो, आणि सांगताना उपदेशही करतो; ते वाचायला चालतं, हातात फोन घेऊन चालत नाही. संपूर्ण खेळात जेमतेम अकराशे शब्द आहेत. आईचं बोलणं मी लिहून काढलं आणि दापोलीकडच्या एका ओळखीच्या आजींना वाचून दाखवलं. त्यांनी निम्मं खोडलं. “इतकं कोण बोलतं पोराशी?” असं त्यांचं म्हणणं.

परदेशातल्या मुलांना पत्रावळ, चोय, ओटी हे शब्द कळतात का?

शब्द कळत नाहीत, वस्तू कळते. पहिल्यांदा आम्ही प्रत्येक अवघड शब्दाखाली अर्थ दिला होता. मुलं तो वाचतच नव्हती. पत्रावळीच्या रात्रीत आता पानं एकमेकांवर सरकवायची आणि बांबूच्या बारीक काडीनं, म्हणजे चोयीनं, टोचायची. फट राहिली तर वाढलेली आमटी गळून जमिनीवर ओघळ येतो. एकदा आमटी सांडली की पत्रावळ म्हणजे काय हे न्यू जर्सीतल्या मुलालाही विचारावं लागत नाही. इंग्रजी उपशीर्षकं आहेत, पण ‘आई’ हा शब्द आम्ही भाषांतरित केलेला नाही.

शाळेत दाखवला तर चालेल?

चालेल. पैसे नाहीत, परवानगीची गरज नाही. फक्त नंतर ‘या खेळातून तुम्ही काय शिकलात’ हा प्रश्न फळ्यावर लिहू नका, एवढी विनंती.

आम्हाला दुसऱ्या मराठी पुस्तकावर खेळ करायचा आहे. कोणतं घ्यावं?

फास्टर फेणे म्हणणार असाल तर थांबा. भा. रा. भागवत २००१ साली गेले, म्हणजे २०६१ संपेपर्यंत परवानगी लागेल. ती मागायला हरकत काहीच नाही. पण आधी मागा, मग चित्रं काढा. ना. धों. ताम्हनकरांचं निधन १९६१ चं, तेव्हा ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ २०२२ पासून मोकळे आहेत. ‘चिंगी’त हाताची क्रियापदं भरपूर आहेत, बहुतेक खोड्यांची. कोणी हात घालतंय का याची मी वाट पाहतोय.

बाराव्या रात्री श्याम माळ्यावर लपतो आणि खेळ अडकतो. कोणतीही कळ चालत नाही. बग आहे का?

बहुतेक नाही. लपण्याची कळ दाबल्यावर तुम्हाला करण्यासारखं काही उरत नाही. खालून मुलांचे आवाज येतात, विहिरीकडे जाणारे. साधारण चाळीस सेकंद थांबा. जिन्यावर पावलं वाजतील, आणि आई हातात शिंपटी घेऊन वर येईल. दीड मिनिट होऊनही ती आली नाही तर मात्र तुमच्या फोनचा दोष आहे. पान पुन्हा उघडा, खेळ त्याच रात्रीपासून सुरू होतो.